दुकान आडवं करता येतं, पार्सल कसं करणार?



दारूच्या प्रश्नावर बायका आज लढत नाहीत. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्या रस्त्यावर आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याच्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली. १९९२ साली आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटाच्या बायका साक्षरतेच्या वर्गातून उठल्या आणि अरकाच्या दुकानावर गेल्या. पुढच्याच वर्षी आंध्र सरकारला अरक बंद करावा लागला. त्याच १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी आली. २०१५ मध्ये चंद्रपूरच्या बायकांनी पायी मोर्चे काढून, निवेदनं देऊन दारूबंदी मिळवली.

या सगळ्या लढ्यांत एक गोष्ट समान आहे. दारूला एक जागा होती. भट्टी होती, गुत्ता होता, परवान्याची पाटी लावलेलं दुकान होतं. त्या जागेपुढे बायका जाऊन उभ्या राहू शकत होत्या. मालकाला नाव होतं, दुकानाला नंबर होता, पोलिसांना पत्ता होता.

आता ही जागाच नाहीशी करण्याचा विचार पुन्हा पुन्हा पुढे येतो आहे. दारू दुकानातून न्यायची नाही, तर घरी पाठवायची. मोबाइलवर मागवायची, कुणीतरी पोऱ्या पिशवी आणून देणार. या सूचनेला "घरपोच सेवा" असं गोंडस नाव आहे. गॅस घरपोच येतो, औषध घरपोच येतं, मग बाटलीनेच काय घोडं मारलंय, असं विचारलं जातं. वरवर पाहता हा टपाल-पार्सलच्या नियमांचा रूक्ष विषय वाटतो. वकिलांनी आणि व्यापाऱ्यांनी बघून घ्यावा असा. माझं म्हणणं असं, की हा आपला विषय आहे. दारू कोणत्या वाटेने घरात यावी आणि त्या घरातल्या बाईला तिथे काही बोलायचा अधिकार आहे की नाही, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो

आधी कायदा समजून घेऊ. कायदा माहीत नसला की कचेरीत आपल्याला कोणीही उडवून लावतं.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत टपाल हा केंद्राचा विषय आहे आणि दारू हा राज्याचा. दारू तयार करणं, बाळगणं, तिची वाहतूक, खरेदी आणि विक्री, या सगळ्यावर राज्याचा अधिकार. शिवाय कलम ४७ प्रमाणे आरोग्याला अपायकारक मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करणं हे राज्याचं कर्तव्य सांगितलं आहे. म्हणजे दारूची बाटली पार्सलमध्ये घातली, की खोका केंद्राच्या कायद्यात आणि आतला माल राज्याच्या कायद्यात, अशी गंमत होते.

टपालाचा जुना कायदा १८९८ चा, इंग्रजांच्या वेळचा. त्याच्या १९ व्या कलमात स्फोटक, घातक, घाणेरड्या आणि अपायकारक वस्तू टपालाने पाठवायला बंदी होती. त्या कलमात दारूचं नाव नव्हतं. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा टपाल कायदा आला. १८ जून २०२४ पासून तो लागू आहे. पाकिटात मनाई असलेली वस्तू आहे असा संशय आला तर ती संबंधित अधिकाऱ्याकडे सोपवण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे. खाजगी कुरिअर कंपन्यांसाठी मात्र टपालासारखा वेगळा कायदा नाही. त्या आपापल्या अटी छापतात आणि त्यावर चालतात.

तेव्हा दारूला खरा अटकाव करतो तो राज्याचा कायदा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. पुष्कळांना हे ऐकून नवल वाटतं, पण महाराष्ट्रात कागदावर आजही दारूबंदीच आहे. १२ व्या कलमाने दारू बनवणं, बाळगणं, विकणं, विकत घेणं, आणणं, नेणं हे सगळं मना केलं आहे. जे काही चालतं ते परवान्यावर चालतं. दुकानदाराला विकायचा परवाना, माल हलवायला वाहतुकीचा पास आणि पिणाऱ्याला प्यायचा परवाना. विदेशी दारूचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांना मिळतो, वर्षाचा १०० रुपयांना, जन्मभराचा १००० रुपयांना. परवान्याशिवाय वाहतूक आणि विक्री केली तर ६५ व्या कलमाखाली गुन्हा होतो. बाटली खोक्यात घातली, त्यावर पत्ता लिहिला, म्हणून तिची दारू असायची थांबत नाही. परदेशातून आलेली दारू बाळगण्यावर आणि विकण्यावरही राज्याला बंदी घालता येते, हे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात मान्य केलेलं आहे.

या कायद्याचा सगळा डोलारा "जागा" या एका गोष्टीवर उभा आहे. परवाना दिला जातो तो अमुक गावातल्या अमुक दुकानासाठी. शाळेपासून, देवळापासून किती अंतर हवं ते पाहिलं जातं. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकू नका असं सांगितलं, तेव्हा आपल्या मुंबई-गोवा रस्त्यावरच्या दुकानदारांची किती धावपळ झाली होती ते आठवा. पुढे त्या आदेशाला सवलती मिळाल्या, तो भाग वेगळा. पण मोजमाप करायचं ते दुकानापासून, हे तत्त्व होतं. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितलं, की सोसायटीच्या आवारात नवीन दारूचं दुकान किंवा बिअर शॉपी काढायची तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. हेही जागेचंच.

आणि बायकांच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार, "बाटली आडवी", तेही जागेवरच चालतं. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, की सह्यांची तपासणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. किती गावांत बायकांनी पोरं काखेला मारून, मजुरी बुडवून हे मतदान केलं आहे!

आता विचार करा. दुकान आडवं करता येतं. पण तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर येणारी पिशवी कशी आडवी करायची? तिला गाव नाही, वॉर्ड नाही, अंतर नाही. सह्या गोळा करून कोणाविरुद्ध द्यायच्या?

दोनदा दार वाजलं

ही भीती काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी दारू ऑनलाइन मागवून घरपोच देण्याची कल्पना मांडली. कारण काय दिलं, तर लोक दारू पिऊन गाडी चालवतात, अपघात होतात, ते टळतील. गदारोळ झाला आणि सरकारने माघार घेतली.

रस्त्यावरचे अपघात टळावेत हे कोणाला नको आहे? पण या युक्तिवादात लपलेली गोष्ट पाहा. दारू प्यायलेला माणूस रस्त्यावर धोकादायक आहे, हे सरकार मान्य करतं. म्हणून त्याला घरात बसवायचं. घरात कोण असतं? रस्त्यावरच्या अपघाताचा पंचनामा होतो, विमा मिळतो, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. घरातल्या अपघाताला "बाथरूममध्ये पाय घसरला" असं नाव देऊन बाई दवाखान्यात जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसलं, की ज्यांचे नवरे वारंवार दारूच्या नशेत असतात अशा बायकांपैकी ७० टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसली आहे. जे नवरे पीत नाहीत त्यांच्या बायकांत हे प्रमाण २३ टक्के आहे. न पिणारेही मारतात, म्हणजे दारू हे हिंसेचं एकमेव कारण नाही, हे आपण नेहमी सांगत आलो. पण २३ आणि ७० यांच्यामधलं अंतर तरी डोळ्यांआड करता येणार नाही.

दुसऱ्यांदा दार वाजलं ते २०२० मध्ये, आणि तेव्हा ते उघडलंच. मार्चअखेर टाळेबंदी लागली. दारूची दुकानं बंद झाली. मे महिन्याच्या सुरुवातीला ती उघडताच रांगा लागल्या. ८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सुचवलं, की गर्दी टाळण्यासाठी घरपोच विक्रीचा विचार करावा. महाराष्ट्र सरकारने त्याच महिन्यात आदेश काढून विदेशी दारू, बिअर आणि वाइन यांच्या दुकानदारांना घरपोच माल द्यायची तात्पुरती परवानगी दिली. माल पोचवणाऱ्यांना ओळखपत्र, त्यांची आरोग्य तपासणी, दुकानामागे दहापेक्षा जास्त माणसं नाहीत, एका वेळी एका माणसाजवळ २४ पेक्षा जास्त बाटल्या नाहीत, घेणाऱ्याजवळ परवाना हवा, अशा अटी होत्या. झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगाल या राज्यांनीही तेव्हा घरपोच दारूची वाट उघडली.

त्या आदेशाच्या अटी पुन्हा वाचा. पोचवणाऱ्याचा ताप मोजायचा होता. मास्क आणि सॅनिटायझरची काळजी होती. ज्या घरात बाटली जाणार, त्या घरात कोण राहतं, तिथे आधी मारहाणीची तक्रार झाली आहे का, याबद्दल एक ओळ नव्हती. आणि वेळ कोणती? एस.टी. बंद, रेल्वे बंद, माहेरची वाट बंद. राष्ट्रीय महिला आयोगाला घरातल्या हिंसेच्या तक्रारींसाठी एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपचा वेगळा नंबर सुरू करावा लागला होता, कारण बायकांना घराबाहेर पडून तक्रार करता येत नव्हती. बाई घरात कोंडलेली, मारणारा घरात कोंडलेला, आणि सरकारने त्याला बाटली दारात पोचती केली. एक बाई मला त्या दिवसांबद्दल म्हणाली, "ताई, गुत्त्यावर जाऊन हाताला धरून आणता तरी येत होतं. आता गुत्ताच माजघरात आला."

अजून एक गोष्ट. ही सवलत विदेशी दारूला होती, देशीला नव्हती. फ्लॅटमधल्या साहेबाला घरपोच सेवा आणि मजुराला उन्हात रांग. मजुराच्या घरी देशी पोचवा असं मी म्हणत नाही. म्हणते एवढंच, की दारूच्या प्रश्नात सरकारचा चेहरा घराघराप्रमाणे बदलतो. झोपडीतल्या दारुड्याचा मुद्दा आला की कायदा-सुव्यवस्था, फ्लॅटमधल्या पिणाऱ्याचा मुद्दा आला की ग्राहकाची सोय. मार खाणारी बाई दोन्हीकडे आहे. फ्लॅटमधली तर अधिकच एकटी, कारण तिथे शेजारीण भिंतीला कान लावत नाही.

साथ गेली, पण कल्पना गेली नाही. जुलै २०२४ मध्ये बातम्या आल्या, की घरपोच जेवण आणि किराणा देणाऱ्या कंपन्यांच्या मदतीने बिअर, वाइनसारखी दारू घरी पोचवण्याचा विचार काही राज्यांत चालू आहे. त्या राज्यांच्या यादीत आपल्या शेजारच्या गोव्याचंही नाव होतं. त्याआधी २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली, आणि त्यावर राज्यभर विरोध झाला. किराण्याच्या फळीवर बाटली ठेवणं आणि किराण्याच्या पिशवीत बाटली पाठवणं यात फार अंतर नाही.

मनीऑर्डर आणि बाटली

रत्नागिरीत बसून हा प्रश्न जरा वेगळा दिसतो.

हा बायकांचा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे ११२२ बायका मोजल्या गेल्या. पुरुष मुंबईला, बायका गावाला, ही इथली जुनी रीत. म्हातारी माणसं, गुरं, भात, नाचणी, पोरांच्या शाळा, सगळं बाईच्या अंगावर. आणि तिचा सगळा भरवसा टपालावर. मनीऑर्डरवर जगणारं कोकण असं आपल्याला हिणवलं जायचं. पण त्या मनीऑर्डरचा नियम आठवा. पोस्टमन दारात यायचा, जिच्या नावाने पैसे तिच्याच हातात द्यायचा. तिची सही लागायची. सही येत नसेल तर अंगठा, आणि साक्षीदार. शंभर रुपये घरात यायचे तर बाईच्या संमतीची एवढी काळजी घेणारा नियम होता.

आणि बाटली घरात यायची तर? तिची सही नको, अंगठा नको, विचारणंसुद्धा नको. उलट मागवणारा अंघोळीला गेला असेल किंवा आधीच लवंडला असेल तर पिशवी घ्यायला दारात तीच जाणार. पैसे चुकते करायचे असले तर तेही कदाचित तिच्याच डब्यातले.

कोकणातली दुसरी गोष्ट गोव्याची. गोव्यात कर कमी म्हणून दारू स्वस्त. ती सिंधुदुर्गातून, आपल्या जिल्ह्यातून मुंबईकडे सरकते. आंब्याच्या पेट्या, मासळी, सामान या सगळ्याच्या आडून दारू नेली जाते हे तपासणी नाक्यावरच्या कोणालाही विचारा. २०२२ मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री शंभूराज देसाई यांनी गोव्याची दारू वारंवार आणणाऱ्यांना मोक्का लावू, अशी भाषा केली. भाषा कडक होती. पण ज्या राज्याला ट्रकातली खोकी नाक्यावर धरताना नाकी नऊ येतात, ते राज्य हजारो मोटारसायकलींच्या पाठीवरच्या पिशव्या तपासेल, घेणाऱ्याचं वय पाहील, परवाना पाहील, यावर कोणाचा विश्वास बसेल? कडक दारू पंचवीस वर्षांखालच्या मुलाला देता येत नाही हा नियम दुकानाच्या काउंटरवरही पाळला जात नाही. बंद दारामागे कोण पाळणार?

तिसरी गोष्ट आडव्या बाटलीची. निम्म्याहून जास्त मतं लागतात ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या. आपल्या गावांच्या याद्यांत मुंबईला नांदणाऱ्या किती जणींची नावं असतात! ती वीस वर्षं डोंबिवलीला राहते, गणपतीला आणि शिमग्याला येते, पण यादीत नाव आहे म्हणून तिची गैरहजेरी दुकानदाराच्या पदरात पडते. इतक्या उंच भिंतीवरून उडी मारून एखादं गाव दुकान बंद करतं. त्याच गावात दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाहून बाटली घरपोच आली, तर त्या मतदानाचा अर्थ काय उरला?

अमेरिकेतल्या बायकांनी पाहिलेलं

पार्सलची दारू गावाच्या निर्णयाला कशी पोखरते, याचा अनुभव जगाने शंभर वर्षांपूर्वीच घेतला आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दारूविरोधी चळवळ उभी राहिली, तिच्या आघाडीला बायका होत्या. त्यांना मताचा हक्कसुद्धा नव्हता. तरी एकेक राज्य, एकेक गाव दारूमुक्त होत गेलं. मग दारूच्या व्यापाऱ्यांनी वाट काढली. शेजारच्या ओल्या राज्यातून रेल्वेच्या पार्सलने कोरड्या राज्यात खोकी जाऊ लागली. १८९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की बाहेरच्या राज्यातून आलेला माल मूळ खोक्यात विकला तर राज्याला तो अडवता येणार नाही. म्हणजे लोकांनी मत देऊन घेतलेला निर्णय एका खोक्याने रद्द केला.

ही वाट बुजवायला वर्षानुवर्षं लढावं लागलं. १९०९ च्या कायद्याने टपालातून दारू पाठवायला बंदी झाली. १९१३ मध्ये वेब-केनियन कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी नकाराधिकार वापरला, तरी संसदेने तो मंजूर केला. त्याचं तत्त्व साधं होतं: ज्या राज्याचा कायदा दारूला मना करतो, त्या राज्यात कायदा मोडून बाहेरून दारू पाठवता येणार नाही. पुढे तिथली देशव्यापी दारूबंदी आली आणि १९३३ मध्ये गेली, ती फसली असं सगळे सांगतात. पण सांगत नाहीत ती गोष्ट अशी, की दारूबंदी उठल्यावरही तिथल्या सरकारी टपालातून दारू पाठवण्याची बंदी उठली नाही. दारू विकायला मोकळीक देणाऱ्या देशानेही पोस्टमनच्या पिशवीला वेगळं मानलं.

आपल्याला विचारले जाणारे प्रश्न

पहिला प्रश्न: दारूबंदी कुठे यशस्वी झाली आहे? चंद्रपूरची बंदी मे २०२१ मध्ये सरकारने उठवली, बेकायदा दारू वाढली असं कारण दिलं. आंध्रची पूर्ण बंदी १९९५ मध्ये आली आणि १९९७ मध्ये गेली. हे खरं आहे. बंदी आणून अंमलबजावणी वाऱ्यावर सोडली की असं होतं. पण मी या लेखात संपूर्ण बंदी मागतच नाही. दुकानं राहोत किंवा जावोत, तो गावाचा निर्णय. मी म्हणते, दारूला जागा असू द्या. ज्याला प्यायची आहे त्याने त्या जागेवर जावं. दारू घराच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहणं, हा पिणाऱ्याचा हक्क नाही.

दुसरा प्रश्न: पिणं ही व्यक्तिगत बाब नाही का? बायकाही पितात, त्यांना दुकानावर लाज वाटते, घरपोच आलं तर त्यांची सोय होईल. हा प्रश्न आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतात, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बाईने प्यावं की नाही हे ठरवायला आपण कोणी नीतिरक्षक नाही. दुकानावर बाईकडे वाईट नजरेने पाहिलं जात असेल तर त्या नजरेशी लढू. पण घर ही एका माणसाची व्यक्तिगत जागा नसते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईचा राहत्या घरावरचा हक्क मान्य केला आहे, घर कोणाच्याही नावावर असो. ज्या घरावर तिचा हक्क आहे, त्या घरात काय यावं यावर तिला बोलता येऊ नये, हे कुठलं व्यक्तिस्वातंत्र्य?

तिसरा प्रश्न: महसुलाचं काय? हाच खरा प्रश्न, बाकीचे त्याची पांघरुणं. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जास्त मिळतील असा अंदाज दिला. तिजोरी इतकी दारूवर टेकलेली असली की विक्री वाढवणारी प्रत्येक वाट "सोय" दिसू लागते. पण हे पैसे आकाशातून पडत नाहीत. ते घरांतून जातात. बचत गटाचा हप्ता चुकतो, पोरीची शाळा सुटते, गळ्यातलं सोनं सोनाराकडे जातं. तो हिशेब अर्थसंकल्पात छापत नाहीत.

आपण काय मागायचं

निषेधाचं पत्रक काढून भागणार नाही. नेमकं काय हवं ते आपण लिहून द्यायला हवं. माझ्या मते या मागण्या असाव्यात.

एक. घरपोच दारूची परवानगी पुन्हा कधीही नुसत्या सरकारी आदेशाने, रातोरात देऊ नये. असा बदल करायचा तर आधी विधानसभेत चर्चा व्हावी आणि महिला ग्रामसभांचं मत घ्यावं.

दोन. ज्या गावाने किंवा वॉर्डाने बाटली आडवी केली आहे, तिथे कोणत्याही मार्गाने दारू पोचवणं हा गुन्हा मानावा. मतदान दुकानापुरतं धरू नये, गावाच्या हद्दीसाठी धरावं. गडचिरोली आणि वर्धा या कोरड्या जिल्ह्यांच्या सीमांनाही हाच नियम लावावा.

तीन. आडव्या बाटलीचा निकाल झालेल्या मतदानावर लागावा. गैरहजर बाईला दारूच्या बाजूने मोजणं थांबवावं.

चार. माल नेणाऱ्यावर जबाबदारी टाकावी. कुरिअर असो, खाजगी बस असो की मोबाइलवरची कंपनी असो, पास नसलेली दारू त्यांच्या गाडीत सापडली तर पिशवी नेणाऱ्या गरीब पोऱ्याला पकडून मालकाला सोडू नये.

पाच. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली बाई न्यायालयात गेली, तर संरक्षण आदेशात "या घरात दारू आणू नये, पोचवू नये" अशी अट घालून मिळावी. कायद्याच्या १८ व्या कलमात दंडाधिकाऱ्याला हिंसा रोखण्यासाठी इतर कृत्यांनाही मनाई करता येते. आपल्या वकील मैत्रिणींनी अर्जात ही मागणी लिहायला सुरुवात करावी. संरक्षण अधिकाऱ्यांनाही ती शिकवावी.

या मागण्या मुंबईपर्यंत पोचायच्या आधी काम गावात सुरू करता येईल. माहितीच्या अधिकाराखाली जिल्हा उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे अर्ज टाका: २०२० च्या आदेशाखाली आपल्या तालुक्यात किती दुकानांना घरपोच विक्रीची मुभा मिळाली, किती वेळा तपासणी झाली, किती जणांवर गुन्हे दाखल झाले. उत्तर आलं तर आकडे हातात येतील. नाही आलं तर तेही एक उत्तरच. येत्या महिला ग्रामसभेत ठराव मांडा आणि त्याची नक्कल घेतल्याशिवाय उठू नका. गावात कुरिअर किंवा पार्सल देणारी पोरं आपल्याच वाडीतली असतात. त्यांच्याशी भांडू नका, बोला. बेकायदा माल वाहण्याची जोखीम त्यांच्या डोक्यावर आहे हे त्यांना कळू द्या.

आणि आपल्या बैठकांत हा प्रश्न केवळ व्यसनमुक्तीचा म्हणून मांडू नका. व्यसनमुक्तीच्या सभेत नवऱ्याला कसं सुधारायचं याची चर्चा होते आणि बाई पुन्हा त्याची परिचारिका होते. आपला मुद्दा तिच्या घराचा आहे. दाराशी आलेल्या माणसाला "ही पिशवी या घरात येणार नाही" असं सांगायचा तिला कायद्याने अधिकार हवा. तो मिळेपर्यंत घरपोच दारूचा कोणताही आदेश आपण आपल्या तालुक्यात चालू द्यायचा नाही.